अंटार्क्टिकात बर्फ सगळं ऊन परत फेकतो, मग तिथं ऊन मोजतात कसं आणि कशाला?

मी तिकडं गेलेलो नाही, पण यवतमाळकडच्या एका सोलर प्लांटवर हेच यंत्र रोज सांभाळतो, पायरॅनोमीटर, काचेच्या घुमटाखाली काळी चकती, म्हणून सांगतो.

तिथं दोन लावतात, एकाचं तोंड आभाळाकडं, एकाचं खाली बर्फाकडं. आपल्या काळ्या मातीवरून १०-१५ टक्के ऊन परत जातं, ताज्या बर्फावरून ८०-९०. म्हणजे मुरतं ते थोडंच, आणि नेमकं तेच हवं असतं, कारण बर्फ तापणार की वितळणार ते बरंचसं त्यावर ठरतं. भरली ट्रॉली काट्यावर घ्यायची, मग रिकामी, फरक म्हणजे कापूस. पण ट्रॉलीत चारच क्विंटल असेल तर काट्याची जराशी चूकही केवढी लागते बघा! तसंच, वरून ६०० वॅट आले, ५०० परत गेले, मुरले १००, आता खालच्या यंत्रानं ३ टक्के चुकवलं की मुरलेल्याचा हिशोब १५ टक्क्यांनी चुकला. शिवाय सूर्य तिथं क्षितिजाजवळूनच फिरतो, तो क्षितिजाच्या १० अंश वर असताना यंत्र त्याच्याकडं एकच अंश कललं तरी थेट उन्हात १० टक्के फरक पडतो.

हे झालं उन्हाचं. ध्रुवावर सहा महिने रात्र असते तेव्हाही मोजणं चालूच, कारण बर्फ स्वतः उष्णता बाहेर टाकत असतो, उणे ६० डिग्रीला पण चौरस मीटरमागे ११५ वॅटच्या वर. ते मोजायला पायरजिओमीटर. उन्हाला बर्फ पांढरा, पण या उष्णतेच्या किरणांना तो जवळजवळ काळाच, मला तर हे सगळ्यात भारी वाटतं.

खरा त्रास मात्र दहिवराचा. डिसेंबरात पहाटे वावरात जा, उघड्यावरचं टीन दवानं निथळत असतं आणि निंबाखालची बंडी कोरडी, कारण टीन उघड्या आभाळाकडं उष्णता टाकून हवेपेक्षा थंड होतं. यंत्राचा घुमट पण तसाच थंड होतो, आमच्याकडं त्यावर दव, तिकडं बर्फाची खरबरीत साय. ती साय आभाळाच्या आड येते, मग आभाळ आहे त्यापेक्षा गरम दिसतं आणि रात्रभराचे आकडे वाया. म्हणून घुमटावर सतत पंख्यानं जराशी कोमट हवा सोडतात, दक्षिण ध्रुवासारख्या ठिकाणी माणूस जाऊन पुसतो पण. मी इथं मऊ फडकं घेऊन सूर्य उगवायच्या आत पुसतो, ते उणे ६० मध्ये करतात.