गोधड्यांसाठी साठवलेलं कापड फार झालंय, ते कसं संपवू आणि कुणाला देऊ?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की दोन दिवाण आणि एक कपाट भरून सुती कापड आहे, आता लहान फ्लॅटमध्ये राहायला जायचंय, आणि सून म्हणते, "सगळं पोत्यांत भरून देऊन टाका, तेवढंच पुण्य." बाकीचं नंतर बोलू, आधी हे पोत्यांचं डोक्यातून काढा. न शिवलेलं कापड पोत्यात कोंबून कुठेतरी पोचवण्याला मी दान म्हणत नाही. आपल्या घरातली अडगळ दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकली, एवढंच त्यात होतं. सांगलीत हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्या सासूबाई ब्लाउज शिवायच्या आणि दुपारच्या वेळी गोधड्या. गल्लीत बारसं असलं की दुपटं आमच्याकडून जाणार हे ठरलेलं असायचं. त्या गेल्या तेव्हा दागिन्यांची, भांड्यांची वाटणी विनातक्रार झाली. कापडाच्या ट्रंका तेवढ्या कुणाला नको होत्या. मला हव्या होत्या, पण धाकट्या सुनेला विचारतं कोण.

त्या ट्रंकांत काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. रुबियाचे ब्लाउजपीस रंगवार लावलेले, प्रत्येक गठ्ठा जुन्या साडीच्या काठाच्या पट्टीने बांधलेला. ओटीत आलेल्या पिसाला टाचणीने चिठ्ठी लावलेली, त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं की कुणाकडून आला आणि कशाच्या निमित्ताने. ज्या घरचा पीस त्याच घरी परत जाऊ नये म्हणून ही काळजी. काही टाचण्या गंजून कापडावर तांबूस ठिपके पडले होते. तळाशी विरत आलेली इरकली लुगडी आणि मऊ पडलेली धोतरं, धुऊन घड्या घातलेली, पोटात भरायला. इतक्या हिशेबाने लावलेल्या साठ्याला 'चिंध्या' म्हणणाऱ्या माणसांशी मी वाद घालत नाही. पण वन्सं म्हणाल्या चिंध्या.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं. निम्मं सांगली शहर पाण्यात होतं. आम्ही विश्रामबागेत, वाचलो. पाणी उतरायला लागल्यावर वन्संनी ट्रंका रिकाम्या केल्या, पोती भरली आणि एका शाळेत लोकांची सोय केली होती तिथे पाठवून दिली. चिठ्ठ्या, गठ्ठे, रंग, सगळं एकात एक.

मी पोळ्या घेऊन त्या शाळेत गेले तेव्हा पोती व्हरांड्यात होती, खालून ओल चढलेली. शेजारी गावोगावहून आलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग, त्यात पार्टीचे झगे, बटणं तुटलेले शर्ट. एक बाई, माझ्याच वयाची, आमच्या पोत्यातला ब्लाउजपीस हातात धरून म्हणाली, "ताई, मशीन पाण्यात गेली माझी. हे शिवू कशावर?" तिचा धंदाच शिवणाचा होता. रात्री पोरं सतरंजीवर कुडकुडत होती आणि पोत्यांत दहा गोधड्या होतील एवढं कापड पडून होतं, कुणाच्याच उपयोगाचं नसलेलं.

तिथल्या व्यवस्थेवरच्या गुरुजींना विचारून मी पोती रिक्षात घालून घरी आणली. धुतली, वाळवली, आणि आमच्या गल्लीतल्या बायकांनी गणपतीच्या दिवसांत बसून गोधड्या घातल्या. मशीनवाली ती बाईही येऊन बसायची आणि तिचा धावदोरा आम्हा सगळ्यांत सरस होता. गोधड्या ज्यांच्या त्यांच्या घरी नेऊन दिल्या. यावर वन्संचं म्हणणं असं, की दिलेलं दान तू परत आणलंस. आजही हळदीकुंकवाला चार बायकांत हे वाक्य येतं. तर वन्सं, वाचत असाल तर इथेच उत्तर देते. ज्याला दिलं त्याला जे वापरता येत नाही ते दिलेलंच नसतं. मी परत आणलं नाही, मी पोचवलं.

आता तुमच्या कापडाबद्दल.

पहिलं काम, सुती आणि बिनसुती वेगळं करा. शंका आली की कडेचा एक धागा ओढून पेटवा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख होते, पॉलिस्टर आकसून त्याचा टणक मणी होतो. बिनसुती गोधडीत घालू नका, घाम शोषत नाही. त्याच्या पिशव्या, मशीनची कव्हरं करा. रंग जाणारं कापड आधीच धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात सगळी गोधडी लाल.

संपवायचं असेल तर चौकोन कापत बसू नका. मापात कापलं की नवे तुकडे उरतात आणि साठा संपत नाही. कर्नाटकात उत्तर कन्नडकडच्या सिद्दी बायका कवंद नावाची गोधडी करतात, ती बघा. कडेपासून सुरुवात करायची, तुकडा असेल तसा, कडा आत दुमडून, टाके घालत मध्याकडे यायचं. चार कोपऱ्यांना एकावर एक त्रिकोणी घड्यांचं फूल. आपल्याकडच्या वाकळीलाही कडेकडेने आत येणारा धावदोरा असतोच, त्यामुळे हात लगेच बसेल. या रीतीने वेडेवाकडे तुकडे भराभरा संपतात.

अस्तराला नवं कापड आणू नका. साडेपाच मीटरची सुती साडी मधोमध कापून दोन पाट जोडले की सव्वासात फूट रुंद आणि नऊ फूट लांब अस्तर होतं, डबलबेडची गोधडी त्यात बसते. 80 सेंटीमीटरचे ब्लाउजपीस दुपट्याला उत्तम. वरखाली दोन पीस, मध्ये धोतराचा मऊ थर. बाळासाठी असेल तर खळ पूर्ण जाईपर्यंत धुवा. बोटाएवढ्या पट्ट्या उरतील त्यांची वेणी घालून गोल पायपुसणी करा.

द्यायचंच असेल तर शिवणारीला द्या. शिवणक्लास, बचत गट, कोपऱ्यावरची ब्लाउजवाली. तिला घरी बोलवा, दिवाण उघडा आणि तिचं तिला निवडू द्या. ती अर्धं ठेवून जाईल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. नेलेलं नक्की शिवलं जाईल. थोडे पैसे घेतलेत तरी चालेल. विकत घेणारी फक्त लागेल तेवढंच नेते.

आणि तयार वस्तू देताना आधी विचारा. हॉस्पिटलच्या बाळंतिणींच्या वॉर्डात दुपटी चालतील का, हे तिथल्या सिस्टरला विचारल्याशिवाय शिवायला बसू नका, प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा.

हे सगळं लिहिल्यावर एक सांगायला हवं, सगळ्याच संस्था पोती व्हरांड्यात ठेवत नाहीत. गूंज ही 1999 मध्ये दिल्लीत सुरू झालेली संस्था कापड निवडून, वर्गवारी करून वापरते, जुन्या सुती कापडाचे सॅनिटरी पॅडही बनवते. तिचे संस्थापक अंशु गुप्ता यांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशांना द्यायला माझी हरकत नाही, पण त्यांनाही धुतलेलं आणि घडी घातलेलंच द्या. गुडघे, पाठ साथ देत नसतील तर माझं 'शिवून द्या' हे ऐकू नका, थेट शिवणारीला बोलवा.

किती ठेवायचं, हे मला नाही सांगता येणार. पण सुनेला एकदा दिवाणासमोर बसवून कुठला तुकडा कुठून आला ते सांगा, आणि तिला आवडतील ते चार-पाच तिच्याकडूनच बाजूला काढून घ्या. पहिली गोधडी त्यांचीच घाला.