लिटमध्ये (वेबपानाचे घटक बनवायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत) यादीतल्या ठरावीकच ओळी दाखवायच्या आहेत. ‘फॉल्स’ उमटतंय आणि टिक भलत्याच ओळीवर जातेय, काय चुकतंय?

तुमचा प्रश्न मला असा समजला: लिटमध्ये किराण्याची यादी केलीय, प्रत्येक वस्तू म्हणजे एक कस्टम एलिमेंट (स्वतः बनवलेला टॅग) आणि त्यात चेकबॉक्स. संपलेल्या वस्तू दिसायला नकोत म्हणून && (‘अट खरी असेल तरच पुढचं दाखव’) लावलं, तर त्यांच्या जागी ‘फॉल्स’ असा शब्द आला. मग आधी फिल्टर करून (संपलेल्या वस्तू गाळून) मॅप केलं (उरलेल्या प्रत्येकीची ओळ बनवली), तर टिक एका वस्तूवरून दुसरीवर गेली. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं किरकोळ आहे. तुम्ही रिअ‍ॅक्ट या दुसऱ्या लायब्ररीतून आलात हे && वरून लगेच कळतं. रिअ‍ॅक्ट ‘फॉल्स’ गिळून टाकतं, लिट ते अक्षरशः छापतं. लिटला काहीच न छापायला सांगायचं तर नल, अनडिफाइन्ड, रिकामी स्ट्रिंग किंवा लिटचंच ‘नथिंग’ द्यायचं. म्हणजे && ऐवजी ?: (‘अट खरी तर हे, नाहीतर ते’) लिहा आणि खोट्या बाजूला ‘नथिंग’ ठेवा. ‘व्हेन’ डिरेक्टिव्हही (लिटचं तयार मदतनीस फंक्शन) चालतं, पण एका अटीसाठी मी तेवढं करत नाही. हो, शिल्लक संख्येलाच && लावलं असेल तर शून्य रिअ‍ॅक्टमध्येही उमटतं, तेव्हा ती सवय तशीही सोडलेली बरी.

अट लावताना ती पूर्ण ‘एलआय’च्या (यादीतल्या ओळीच्या टॅगच्या) बाहेरून लावा. आतून लावली तर आतलं जातं आणि रिकामा ‘एलआय’ उरतो: पडद्यावर नुसता बुलेट दिसतो आणि स्क्रीन रीडर पाच वस्तू मोजतो, ऐकू येतात चार.

आता टिकेचं दुखणं, खरी गंमत इथे आहे. समजा यादी अशी: तांदूळ, तूरडाळ, गूळ, पोहे, साबुदाणा. ग्राहकाने गुळावर टिक केली, म्हणजे तिसऱ्या ओळीवर. इतक्यात तूरडाळ संपली. फिल्टर झालेल्या यादीत गूळ दुसरा आणि पोहे तिसरे. मॅपने बनवलेल्या ओळी लिट फक्त क्रमाने ओळखतं. टेम्प्लेट तेच असल्याने ते तिसरी ओळ मोडत नाही; तिच्यातलं नाव ‘गूळ’चं ‘पोहे’ करतं, आणि शेवटची ओळ काढून टाकतं. चेकबॉक्सवरची टिक तुमच्या डेटात कुठेच नव्हती, ती त्या डॉम नोडवर, म्हणजे पानावरच्या प्रत्यक्ष घटकावर होती. नोड जागेवरच राहिला, टिकही राहिली. ग्राहकाच्या घरी पोहे.

यावर उपाय ‘रिपीट’ डिरेक्टिव्ह. त्याला यादी, प्रत्येक वस्तूची ‘की’ (ओळखीची खूण) सांगणारं फंक्शन आणि टेम्प्लेट अशा तीन गोष्टी द्यायच्या. मग तूरडाळ गेली की तूरडाळीचाच नोड जातो आणि गुळाचा नोड टिकेसकट वर सरकतो. ‘की’ म्हणून वस्तूचा आयडी द्या, इंडेक्स (यादीतला क्रमांक) देऊ नका. मी एकदा इंडेक्स दिला होता आणि अर्धा दिवस रिपीटलाच शिव्या घालत बसलो. इंडेक्स दिला की ते मॅपसारखंच वागणार, दुसरं काय करेल?

फिल्टर न करता मॅपमध्येच ?: आणि ‘नथिंग’ वापरलं तर टिक सरकत नाही, कारण गेलेल्या वस्तूचीही जागा राखलेली असते. पण ती वस्तू परत आली की नोड नव्याने बनतो आणि टिक पुसलेली असते. रिपीटमध्येही तेच होतं. म्हणून माझ्या मते टिक डेटातच ठेवावी: बदल झाला की वस्तूत नोंद करायची आणि चेकबॉक्सला ‘.चेक्ड’ असं टिंब लावून बांधायचं. प्रश्नचिन्ह लावून बांधलं तर फक्त अ‍ॅट्रिब्यूट बदलतं, आणि वापरणाऱ्याने एकदा हात लावल्यावर चेकबॉक्स त्या अ‍ॅट्रिब्यूटला विचारत नाही. नोंद करताना मूळ अ‍ॅरेत (यादीत) फेरफार करू नका, नवा अ‍ॅरे द्या. संदर्भ तोच राहिला तर लिटला बदल झाल्याचं कळतच नाही.

वस्तू सारखी ये-जा करत असेल, उदाहरणार्थ शोधाच्या चौकटीत अक्षरागणिक, तर ती काढण्याऐवजी लपवणं जास्त सोयीचं. टिक, अर्धवट टाइप केलेलं प्रमाण, सगळं तसंच राहतं. मात्र ‘हिडन’ (लपवण्याचं अ‍ॅट्रिब्यूट) लावूनही वस्तू दिसतच राहिली तर चक्रावू नका. तुमच्या एलिमेंटच्या आत ‘:होस्ट’ला (म्हणजे त्या एलिमेंटलाच) ‘डिस्प्ले: ब्लॉक’ दिलेलं असणार, आणि ते ब्राउझरच्या स्वतःच्या ‘हिडन’ नियमावर मात करतं. ‘:होस्ट([हिडन])’ला ‘डिस्प्ले: नन’ अशी एक ओळ घाला. हजारो ओळी असतील तर मात्र लपवू नका, गाळाच. लपवलेली प्रत्येक ओळ जिवंत असते आणि मेमरी खाते.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलंय की सगळं गाळल्यावर ‘एकही वस्तू नाही’ हे स्लॉटच्या (एलिमेंटमध्ये बाहेरून दिलेला मजकूर बसतो त्या जागेच्या) आत लिहिलेलं का दिसत नाही. स्लॉटमधला तो पर्यायी मजकूर फक्त स्लॉटला एकही नोड मिळाला नाही तरच दिसतो, आणि टॅगांमधली कोरी जागा, नवी ओळ हेही टेक्स्ट नोडच. स्लॉटला नाव द्या आणि वस्तूंवर तेच नाव लिहा. टेक्स्ट नोडवर नाव लिहिता येत नाही, त्यामुळे कोरी जागा त्या स्लॉटात शिरू शकत नाही आणि संदेश दिसू लागतो.