नव्या डांबरावर जुनीच भेग

प्रश्न: सर, आमच्या गल्लीत जुन्या सिमेंट रोडवर उन्हाळ्यात डांबर टाकलं, दिवाळीपर्यंत मस्त गुळगुळीत होतं, पण संक्रांत येत नाही तर आडव्या भेगा पडल्या न, त्याही दोरी धरून आखल्यासारख्या सरळ. ठेकेदारानं डांबर कमी टाकलं काय? आता पुन्हा थर टाकतो म्हणतात, तर त्यांना काय सांगावं?
– एक वाचिका, मनीषनगर, नागपूर

उत्तर: ताई, कमी टाकलंही असेल, पण भेगा सरळ आणि सारख्या अंतरावर असतील तर त्या खालच्या सिमेंटच्या स्लॅबचे जॉइंटच, म्हणजे दोन स्लॅबमधल्या फटीच, वर आलेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पार आणि जानेवारीत रात्री १० च्या खाली, स्लॅब उन्हात फुगतो, थंडीत आकसतो, आकसला की जॉइंट उघडतो आणि वर चिकटलेलं डांबर, जे थंडीनं आधीच कडक झालंय, ते फाटतं, म्हणून संक्रांतीचा मुहूर्त. रस्त्याच्या कामातला ढोबळ हिशोब असा की भेग वर्षाला साधारण २५ मिमी वर चढते, मग इंचभर थर किती टिकणार तुम्हीच बघा.

म्हणून नुसता आणखी एक थर नको. आधी ट्रक जाताना जॉइंटपाशी उभं राहून बघा, स्लॅब डुलत असेल तर पहिले त्याच्या खालची पोकळी भरून घ्या, नाहीतर वर काहीही करा, पैसे पाण्यात. मधे जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरतात, त्यानं भेग थांबत नाही बरं, फक्त उशिरा येते, पण डांबर प्यालेलं ते कापड पाणी खाली उतरू देत नाही आणि आपल्या पावसाळ्यात तेवढंही पुष्कळ झालं.

मला विचाराल तर उलटा उपाय आवडतो, भेग येणारच आहे न, मग आपणच पाडा! थर टाकायच्या आधी प्रत्येक जॉइंटची खूण दोन्ही कडेला करून ठेवायची, डांबर टाकल्यावर थोड्याच दिवसांत बरोब्बर तिथंच मशीननं सरळ कट मारायचा आणि त्यात रबरवालं गरम सीलंट भरायचं. दोन बोटं जरी चुकलं तरी बाजूला दुसरी भेग येते, म्हणून खुणा करताना कोणीतरी तिथं उभं राहा.

(भेगा आडव्या आहेत हे बरंय, रस्त्याच्या कडेनं लांबच लांब असत्या तर आपल्या काळ्या मातीवर संशय घ्यावा लागला असता, ते दुखणं वेगळंच.)

आणि हो, थराआधी चिकटवण्यासाठी जे इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर, फवारतात ते तपकिरी असतं, काळं झाल्याशिवाय वर माल टाकू देऊ नका.