आधी मुक्काम ठरवा, मग ट्रेड

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आम्ही बीड जिल्ह्यातले. नवरा-बायको दोघं दरसाल ऊसतोडीला जातो. दसरा झाला की निघतो, ते पाडव्याच्या आसपास परत. थोरली पोरगी यंदा दहावी झाली, ६१ टक्के पडले. वय सोळा. तिला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचंय. भावकी म्हणते, पोरीनं काय खांबावर चढायचं का? तीन महिन्यांचा शिवण क्लास लावा, नाहीतर यंदाच लगीन उरकून टाका. आम्ही कारखान्यावर गेल्यावर मागं सासूबाई आणि धाकटा पोरगा. सासूबाईंना नीट दिसत नाही. पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हाच घोर लागलाय. खर्च किती येईल, पुढं काम मिळेल का, तेही सांगा. पत्र पोरीनंच लिहिलंय, मी सांगितलं तसं.
– एक आई

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुम्ही ट्रेडबद्दल, म्हणजे आयटीआयमधल्या अभ्यासक्रमाबद्दल, एक ओळ लिहिलीत आणि मुक्कामाबद्दल चार. माझ्या मते खरा प्रश्न तुम्ही बरोबर ओळखलाय. ऊसतोडीच्या घरातल्या मुलींचं शिक्षण डोकं कमी म्हणून सुटत नाही, ते दसऱ्यानंतर सुटतं. आई-बाप टोळीबरोबर गेले की मुलगी एकतर कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीवर, जाऊन पाणी भरते, भाकरी थापते, धाकट्यांना बघते. नाहीतर गावात एकटी राहते आणि साऱ्या गावाचा डोळा तिच्यावर. मग जोखीम नको म्हणून लग्न. त्यात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्याकडून, उचल (आगाऊ पैसे) मिळते ती जोडीवर. लग्न लागलं की टोळीत एक कोयता वाढला, हे गणित तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून मी उत्तर मुक्कामापासून सुरू करते.

त्याआधी लग्नाचं बोलून घेते. पोरगी सोळाची आहे. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं हा २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो लग्न लावून देणाऱ्या मोठ्यांवर लागतो. भावकीनं फारच रेटलं तर हे त्यांच्या कानावर घाला. गावात ग्रामसेवकाकडे याची जबाबदारी असते, आणि १०९८ या नंबरावर फोन मोफत लागतो. तो नंबर पोरीलाही पाठ करायला सांगा.

आता मुक्काम. तुम्हाला तीन ठिकाणी विचारायचंय. पहिलं, ज्या आयटीआयला अर्ज करणार तिथलं स्वतःचं मुलींचं वसतिगृह आहे का. सगळ्या आयटीआयना नसतं. दुसरं, ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य सरकारची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. २०२१ मध्ये ती मंजूर झाली, मुलींची वसतिगृहं वेगळी आहेत आणि बीड जिल्हा त्यात आहे. तिसरं, समाजकल्याण खात्याची मागासवर्गीय मुलींची शासकीय वसतिगृहं. तिथं जेवण-राहणं मोफत असतं आणि जागा प्रवर्गाप्रमाणे वाटलेल्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्याची चौकशी एकाच ठिकाणी होईल: जिल्ह्याच्या गावी सहायक आयुक्त, समाजकल्याण यांचं ऑफिस. जाताना ग्रामपंचायतीकडून मिळालेलं तुमचं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र बरोबर न्या. काढलं नसेल तर या आठवड्यात ग्रामसेवकाकडं जा. ते नसलं की तुम्ही तोडीला जाता हे कागदावर कुठंच दिसत नाही.

ऑफिसात विचारायचे प्रश्न लिहून न्या. आयटीआयच्या मुलीला तिथं प्रवेश मिळतो का, की फक्त शाळा-कॉलेजच्या? रात्री वॉर्डन बाई तिथंच राहतात का? आणि दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह चालू असतं का? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि मग पंचाईत होते. बऱ्याच ठिकाणी दिवाळीला मुलींना घरी जायला सांगतात, आणि नेमकं तेव्हा आई-बाप कारखान्यावर असतात. ते पंधरा दिवस पोरगी मावशीकडं राहणार की मामाकडं, हे आजच ठरवून त्या माणसाशी बोलून घ्या. आयत्या वेळी तिला कारखान्यावर बोलावलं, तर परत फिरणं अवघड जातं. आणखी एक ध्यानात ठेवा: वसतिगृहाचा अर्ज आयटीआयच्या अर्जापेक्षा वेगळा असतो. आयटीआयला नंबर लागला म्हणजे खोली मिळाली असं होत नाही. प्रवेशाची पावती हातात पडली की त्याच दिवशी वसतिगृहाकडं जायचं.

हे जमलं, तर ट्रेडचा प्रश्न सोपा आहे. पोरीनं निवडलंय ते चांगलं निवडलंय.

शिवणकाम वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही, चांगली शिवणारी बाई घर चालवते. पण तीन महिन्यांच्या क्लासचा कागद घेऊन पुढं कुठं जाता येत नाही. गरिबाच्या मुलीसमोर शिवण, पार्लर आणि मेहंदी एवढंच का ठेवतात, याचा मला मनापासून राग येतो. तिच्या भावाला कुणी तीन महिन्यांचं काही सुचवलं नसतं.

इलेक्ट्रिशियन, म्हणजे वीजतंत्री, हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. दहावीला गणित-विज्ञान लागतं, ते तिच्याकडे आहे. शेवटी अखिल भारतीय परीक्षा होते आणि जे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं ते देशात कुठंही चालतं. मुख्य म्हणजे पुढची वाट बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षात. मधे चार पैसे कमवायची गरज पडली तर ती थांबेल, कमवेल आणि पुन्हा शिकेल. तुमच्या घरासाठी हे फार मोलाचं आहे.

तिथं शिकवतात काय, ते सांगते, म्हणजे भावकीला सांगता येईल. सुरुवातीला हातात पक्कड, टेस्टर आणि तार. तार न तुटता वरचं प्लास्टिक सोलायचं, दोन तारांचे वेगवेगळे जोड घालायचे, जोड ओढून बघायचा. मग बोर्डावर घराची वायरिंग: एक दिवा दोन ठिकाणांहून चालू-बंद, मीटर, अर्थिंग. मल्टिमीटर आणि मेगर ही मोजायची यंत्रं वापरून दोष शोधायचा. पुढं मोटर उघडून जळालेलं वाइंडिंग, म्हणजे आतले तारेचे वेढे, काढायचं, वेढे मोजून नवीन भरायचं, स्टार्टर जोडायचा. यातल्या बहुतेक कामांना मोठं बळ लागत नाही. डोळा, हात आणि धीर लागतो. ज्या मुलीनं लहानपणापासून चूल आणि धाकटा भाऊ दोन्ही सांभाळलंय, तिच्याकडं या गोष्टी कमी नसतात.

खांबाचंही बोलू. हो, चढावं लागतं, पण लाइनवरच्या कामात. महावितरणमध्ये विद्युत सहाय्यकाच्या भरतीला वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा (वायरमनचा) आयटीआय लागतो, त्या भरतीत महिलांना राखीव जागा असतात, आणि आज राज्यात खांबावर चढून लाइन दुरुस्त करणाऱ्या बायका आहेत. ज्यांना ते नको त्यांना कारखान्यातलं पॅनल वायरिंग आहे, मोटर रिवाइंडिंग आहे, हॉस्पिटल आणि मोठ्या इमारतींची देखभाल आहे. आपल्या भागात शेतावर सौर पंप बसताहेत, त्यांची जोडणी-दुरुस्ती करणारी माणसं लागणारच आहेत.

भावकीला एक नाव सांगा: सुरेखा यादव. साताऱ्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी. कराडच्या शासकीय पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, रेल्वेत लागल्या आणि देशातल्या पहिल्या महिला रेल्वे इंजिनचालक झाल्या. २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत त्यांनी चालवत नेली. २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. विजेचं शिक्षण मुलीला कुठवर नेतं, हे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलंय.

६१ टक्क्यांवर नंबर लागेल का? चांगली शक्यता आहे, पण अर्ज भरायची पद्धत चुकू देऊ नका. शासकीय आयटीआयमध्ये मुलींना ३० टक्के जागा राखीव असतात, शिवाय फक्त मुलींच्या वेगळ्या आयटीआयही आहेत. प्रवेश सगळा ऑनलाइन, मेरिटप्रमाणे. अर्ज भरला की तो जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन कागद दाखवून निश्चित करावा लागतो. सायबर कॅफेवाला ‘भरला’ म्हणतो आणि मुलं घरी जातात, मग यादीत नावच नसतं. विकल्प भरताना एकच ट्रेड टाकू नका. आधी इलेक्ट्रिशियन दोन-तीन ठिकाणचा, मग वायरमन, मग इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक. पहिला विकल्प मात्र विचार करून टाका. तो मिळाला आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. आणि जिथं राहायची सोय आहे तीच आयटीआय वर ठेवा, नावाजलेली पण मुक्काम नसलेली खाली.

खर्चाचं थोडक्यात. शासकीय आयटीआयची फी खासगीच्या मानानं फारच कमी असते. खरा खर्च येणं-जाणं, जेवण, बूट-एप्रन आणि हत्यारांचा. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहेच. खासगी आयटीआयवाले गावात फिरून ‘लगेच अ‍ॅडमिशन’ म्हणतील. ट्रेडची संलग्नता, म्हणजे सरकारी मान्यता, कागदावर दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. पुढं ती डिप्लोमाला गेली तर मुलींसाठी एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपये. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, आणि थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलीही अर्ज करू शकतात.

कागद मात्र तुम्ही गावात आहात तोवरच करून घ्या. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागत असेल तर नॉन क्रिमिलेअर. जात पडताळणीही लावून ठेवा, तिला वेळ लागतो आणि डिप्लोमाच्या वेळी ती नसली तर धावपळ होते. याला वडिलांच्या शाळेचा दाखला, सह्या, कधी स्वतः हजर राहणं असं सगळं लागतं. पोरीच्या नावानं बँक खातं काढा आणि आधार त्याला जोडा. आणि एक बारीक वाटणारी, पण हमखास अडवणारी गोष्ट: तिच्या आधारला कुणाचा मोबाइल जोडलाय ते बघा. वडिलांचा असेल तर शिष्यवृत्तीचा ओटीपी उसाच्या फडात जाणार, तिथं रेंज नाही, आणि इथं पोरगी कॅफेत बसून राहणार. जो फोन वर्षभर तिच्याजवळ राहील, तोच नंबर आधारला, बँकेला आणि महाडीबीटीला (शिष्यवृत्तीच्या सरकारी वेबसाइटला) द्या.

नोकरीबद्दल तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. आयटीआय संपल्यावर लगेच कायम नोकरी क्वचित मिळते. आधी वर्षभराची अप्रेंटिसशिप करावी, १९६१ च्या कायद्याप्रमाणे ती असते आणि तिला दरमहा विद्यावेतन मिळतं. महावितरण, रेल्वे, एसटीची वर्कशॉप, छत्रपती संभाजीनगर आणि पुण्याकडचे कारखाने अप्रेंटिस घेतात. नंतर बरीच कामं कंत्राटदारामार्फत निघतात, पहिला पगार बेताचाच असतो. पण हातात प्रमाणपत्र आणि वर्षाचा अनुभव असलेली मुलगी भरतीच्या प्रत्येक जाहिरातीला अर्ज करू शकते, आणि रीतसर परवाना काढला तर वायरिंगची कामं स्वतःच्या नावावर घेऊ शकते. कारखान्यात पाठवायची भीती वाटणं साहजिक आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे, आणि तो कायदा अप्रेंटिस मुलीलाही लागू आहे. रुजू होताना समितीवरच्या बाईंचं नाव आणि नंबर तिनं मागून घ्यावा. त्यात भांडखोरपणा काही नाही.

अर्ज भरायच्या आधी एक दिवस पोरीला घेऊन आयटीआय बघून या. ऑफिसात बसून परत येऊ नका, इलेक्ट्रिशियनच्या वर्कशॉपमध्ये जा. मोटरी चालू स्थितीत आहेत की धूळ खात पडल्यात? मुलींचं स्वच्छतागृह वर्कशॉपच्या जवळ आहे का, आणि त्याला पाणी आहे का? बॅचमध्ये मुली किती, आणि मागच्या बॅचच्या मुली आता कुठं आहेत? शेवटच्या प्रश्नाला जे सर नावं घेऊन उत्तर देतील, त्यांच्या हाताखाली पोरगी निर्धास्त ठेवा.

राहिला मुकादम. पावसाळ्यात तो उचल घेऊन दारात येईल आणि म्हणेल, पोरगी मोठी झाली, तिला अर्ध्या कोयत्यात धरू, एवढे पैसे वाढवून देतो. घरात तेव्हा बियाणं, दवाखाना, मागची न फिटलेली उचल, असं सगळं उभं असेल, आणि ते पैसे मोठे वाटतील. तुम्ही दोघा नवरा-बायकोनं त्याचं उत्तर आजच ठरवून ठेवा. उचल फक्त दोघांच्या नावावर घ्या, पोरीचं नाव त्याच्या वहीत लिहू देऊ नका. एकदा लिहिलं गेलं की ते पैसे फिटेपर्यंत तिला तिथून काढता येणार नाही, मग वसतिगृहात जागा असो वा नसो.