सात आठवडे उपाशी आहे हो ती!

प्रश्न: ताई, माझा मुलगा शिकायला बाहेर गेला आणि जाताना त्याची टॅरंटुला, म्हणजे मोठी केसाळ कोळीण, माझ्या गळ्यात मारून गेला. चिलियन रोझ आहे, मादी, त्याच्या म्हणण्याप्रमाणे नऊ-दहा वर्षांची. "दर रविवारी दोन क्रिकेट (रातकिडे) टाक" एवढंच सांगून गेलाय. आता सात आठवडे झाले, ती कशालाच तोंड लावत नाहीये, क्रिकेट तिच्या पायावरून फिरतात आणि ही ढिम्म. मुलाला सांगायची पण हिंमत होत नाही. माझं काही चुकतंय का? मरेल का ती?

उत्तर: आधी उठा आणि आत जे क्रिकेट फिरतायत ते चिमट्याने बाहेर काढा, मग पुढचं वाचा.

काढले? आता ऐका, तुमचं काही चुकलेलं नाही. सात आठवडे तुमच्या-माझ्यासाठी भयंकर असतील, पण चिलियन रोझ ही जात उपासासाठीच बदनाम आहे, महिनोन् महिने नुसती बसून राहते, वर्ष उलटल्यावर एक दिवस अचानक काहीच झालं नाही अशा थाटात क्रिकेटवर झडप घालणाऱ्यासुद्धा पाळणाऱ्यांनी पाहिल्यात. दिवसभर एका जागी बसणाऱ्या प्राण्याला ऊर्जा लागते तरी किती, आणि जे खाल्लेलं असतं त्याचा साठा पोटात असतो, त्यावर तिचं आरामात चालतं.

त्यामुळे तुम्ही कॅलेंडर बघायचं सोडा आणि तिचं पोट बघा. तिच्या शरीराचे दोन भाग दिसतील, पुढचा ज्याला पाय चिकटलेत तो, आणि मागचा गोल केसाळ तो म्हणजे पोट. पोट पुढच्या भागाएवढं किंवा त्याच्या दीडपटीपर्यंत असेल, टुमटुमीत असेल, तर ती उपाशी नाही, तिला फक्त भूक नाहीये. पोट लहान आणि सुरकुतलेलं दिसायला लागलं तर मात्र लक्ष द्या, आणि तेव्हासुद्धा पहिला संशय पाण्यावर घ्या, खाण्यावर नंतर. कोळ्याचे पाय सरळ होतात ते आतल्या द्रवाच्या दाबाने, म्हणून अंगातलं पाणी कमी झालं की पाय पोटाखाली गोळा व्हायला लागतात. उथळ बशीत स्वच्छ पाणी कायम ठेवा. बशीत स्पंज किंवा कापूस ठेवायचा सल्ला कोणी दिला तर हो म्हणा आणि करू नका, त्यात नुसती घाण साठते.

आता तुमच्या मुलाच्या त्या "दर रविवारी दोन" बद्दल. मोठ्या मादीला दहा ते पंधरा दिवसांतून एक मोठा क्रिकेट भरपूर झाला, तीन आठवड्यांनी दिला तरी बिघडत नाही. जास्त खाऊन पोट द्राक्षासारखं फुगलं तर ते धोक्याचंच, कारण पोटाची कातडी पातळ असते आणि काचेवर चढून थोड्या उंचीवरून जरी पडली तरी फाटू शकते. मला विचाराल तर घरातल्या टॅरंटुला उपासापेक्षा लाडाने जास्त अडचणीत येतात.

न खाण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे कात टाकायची तयारी. मोठ्या मादीची कात वर्षातून एकदा, कधी दोन वर्षांतून एकदा पडते आणि त्याआधी आठवडे, कधी महिने ती खाणं बंद करते. रंग मळका दिसतो, पोटावर केस झडून टक्कल पडलेलं असेल तर ते काळपट होतं. मग एक दिवस ती चक्क पाठीवर उताणी पडलेली दिसेल, तेव्हा मेली समजून रडू नका आणि सरळ तर अजिबात करू नका, अशीच पडून ती कात टाकते, काही तास लागतात. मेलेली टॅरंटुला बहुतेक वेळा पाय आत गोळा करून पालथीच असते. कात टाकताना तिचं अंग लोण्यासारखं मऊ असतं आणि अशा वेळी आत भुकेला क्रिकेट असला तर तो तिलाच कुरतडतो, तुम्हाला आधी क्रिकेट काढायला लावले ते यासाठी. मी हे ऐकून नाही सांगत, सुरुवातीच्या काळात रात्री एक क्रिकेट टाकून झोपले आणि सकाळी माझ्या कोळिणीचा एक पाय गेलेला होता. पुढच्या काती पडल्या तसा नवा पाय आला, पण तोपर्यंत ते सातच पाय बघताना मला रोज ओशाळल्यासारखं व्हायचं. तेव्हापासून टाकलेलं भक्ष्य चोवीस तासांत खाल्लं नाही की बाहेर, मग दोन आठवड्यांनी पुन्हा विचारायचं.

कात टाकल्यावर लगेच पार्टी नको. तिचे दात आधी पांढरे असतात, मग तांबूस आणि मग काळे होतात. काळे झाल्यावरच खायला, मोठ्या मादीला साधारण दोन आठवडे तरी थांबा. आणि हो, मुलाला सांगून टाका की ती मजेत आहे.

प्रश्न: ताई, माझ्याकडे कर्ली हेअर जातीच्या टॅरंटुलाचं पिल्लू आहे, पाय धरून दीड सेंटीमीटर असेल. जे टाकीन ते खातं म्हणून मी रोज देतो. लवकर मोठं होईल ना? आणि एवढ्या छोट्याला नक्की काय द्यायचं?

उत्तर: होईल रे बाबा, पण घाई कसली आहे तुला? टॅरंटुलाचं वाढणं खाणं आणि ऊब यांवर चालतं, जास्त खायला दिलंस की लवकर लवकर कात टाकेल. पण तो नर निघाला तर लवकर मोठा होऊन लवकरच जाईल, कारण नराचं आयुष्य वयात आल्यावर फार उरत नाही. मादी वीस-वीस वर्षं जगू शकते. आठवड्यातून दोनदा दे, पुरे. थोडं मोठं झालं, पाच-सहा सेंटीमीटरचं, की आठवड्यातून एकदा, आणि पुढे आणखी अंतर वाढवत जा.

माप सोपं आहे, भक्ष्य त्याच्या पोटापेक्षा मोठं नको. एवढ्याला फळांवरच्या माशा, नाहीतर अगदी बारीक क्रिकेट, आणि ते नसेल तर मोठ्या क्रिकेटची तंगडी तोडून ठेवायची, पिल्लं मेलेलं पण खातात. मीलवर्म (भुंग्याची अळी) देणार असशील तर डोकं चिमट्याने चिरडूनच दे, नाहीतर तो मातीत घुसतो, आपण विसरतो आणि कात टाकायच्या वेळी तो नेमका वर येतो. खाऊन झाल्यावर एक काळी ओली गोळी टाकलेली दिसेल, ते उष्टं. टॅरंटुला भक्ष्यावर पाचक रस सोडून त्याचा रस्सा करते आणि तो शोषून घेते, उरतो तो चोथा. तो काढून टाक, बुरशी आणि बारीक किडे तिथूनच सुरू होतात. पाण्याची बशी एवढ्याला मोठीच पडेल, मातीचा एक कोपरा ओलसर ठेव.

आणि घरात पकडलेलं झुरळ टाकू नकोस, त्याने आधी कुठलं औषध चाटलंय ते त्यालाच माहीत.

प्रश्न: उंदराचं पिल्लू दिलं तर चालतं का? व्हिडिओत बघितलं होतं.

उत्तर: मोठी टॅरंटुला खाईल, पण तिला त्याची गरज नाही. किडे पुरतात. उंदराच्या उरलेल्या भागाचा वास दुसऱ्या दिवशी येतो तेव्हा व्हिडिओवाला तुमच्या घरी नसतो. त्यापेक्षा क्रिकेटलाच आदल्या दिवशी गाजर वगैरे चांगलं खाऊ घाला, ते सगळं तिच्याच पोटात जाणार आहे.

प्रश्न: माझ्या नराने शेवटची कात टाकून दोन महिने झाले. खाणं जवळजवळ बंद, रात्रभर काचेवर चालत असतो. भूक लागावी म्हणून काय करू?

उत्तर: तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांची टोकं फुगून बॉक्सिंग ग्लोव्हजसारखी झालीत का बघा. झाली असतील तर तो वयात आलाय आणि आता त्याच्या डोक्यात खाणं नाही, मादी आहे. जंगलात असता तर एव्हाना तिच्या शोधात निघाला असता. महिन्यातून दोनदा लहानसा क्रिकेट दाखवा, घेतला तर घेतला. पाणी भरलेलं ठेवा आणि झाकण नीट लावा, या वयातले नर फट शोधण्यात पटाईत असतात.