पॉइंट बावीस रिव्हॉल्व्हरमध्ये शॉर्ट काडतुसं: चालतात, पण कोठा घासत राहा

प्रश्न असा होता की रिव्हॉल्व्हर .२२ लाँग रायफल नावाच्या काडतुसाचं आहे, धाकटी बहीण नेमबाजी शिकतेय, आवाजाने दचकते, तर तिला .२२ शॉर्ट (आखूड) किंवा सीबी (फारच मवाळ) काडतुसं द्यावीत का.

द्या. पिस्तुलाची स्लाइड काडतुसाच्या जोरावर मागे सरकते, जोर कमी पडला की अर्ध्यातच अडकते. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता भाग, आपल्या बोटाच्या जोरावर फिरतं, त्यामुळे काडतूस मवाळ असलं तरी बिघडत नाही. शॉर्ट तर १८५७ साली रिव्हॉल्व्हरसाठीच बनलं, लाँग रायफल आलं १८८७ मध्ये. ऑलिम्पिकच्या २५ मीटर रॅपिड फायरमध्ये २००४ पर्यंत नेमबाज शॉर्टच वापरत होते, तेव्हा त्याला खेळणं समजू नका. कानावरचं संरक्षण आणि चष्मा तसाच राहील.

आता खरी काळजीची गोष्ट. शॉर्टची पुंगळी साधारण १०.७ मिलिमीटर, लाँग रायफलची १५.६. म्हणजे शॉर्ट उडवलं की कोठ्यात (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात) पुंगळीच्या तोंडापुढे जवळजवळ पाच मिलिमीटर भिंत उघडी राहते. तिथे काजळी, शिसं आणि गोळीवरचं मेण साचून एक कडं तयार होतं. सिलिंडर उजेडाकडे धरून मागून पाहिलंत तर कोठ्याच्या आत करडी अंगठी बसवल्यासारखी दिसते. पुढे कधी लाँग रायफल भरायला जावं तर पुंगळी त्या कड्याला अडते आणि रिम, म्हणजे पुंगळीची मागची रुंद कड, किंचित बाहेर राहते.

एकदा माझ्या शेजारच्या लेनवर एक नवा मुलगा असं अडलेलं काडतूस अंगठ्याने जोर लावून आत दाबत होता. मी ओरडून त्याचा हात थांबवला. .२२ सारख्या रिमफायर काडतुसाचा स्फोटक मसाला त्या रिमच्या घडीतच भरलेला असतो आणि सिलिंडर उघडं असताना पुंगळीला मागून कसलाच आधार नसतो. फुटली असती तर पितळेचे तुकडे थेट बोटांत गेले असते. काडतूस बोटाच्या हलक्या स्पर्शाने आत गेलं नाही तर ते बाहेर काढायचं, दाबायचं नाही. त्या दिवशी सॉल्व्हंट लावून ब्राँझच्या ब्रशने सहाही कोठे घासले, मग तीच काडतुसं आपसूक आत गेली. दोन्ही प्रकार एकाच दिवशी वापरायचे असतील तर आधी लाँग रायफल, नंतर शॉर्ट, आणि बंद करण्यापूर्वी घासणं. नंतर हात साबणाने धुवा, शिसं आहे ते.

सीबीत दारू अगदी थोडी असते, आणि सिलिंडर व नळीमधल्या फटीतून त्यातलाही थोडा वायू निसटतो. क्वचित गोळी नळीतच बसते. बार नेहमीपेक्षा दबका वाटला किंवा कागदावर नवं भोक दिसलं नाही, तर लगेच थांबा. पुढची गोळी मागून आली की नळी फुगते. रिव्हॉल्व्हर रिकामं करून नळीत उजेड दिसतो का ते पाहा. बहिणीला पहिल्या दिवसापासून भोकं मोजायला लावा. नेमाचं म्हणाल तर गोळ्यांच्या भोकांचा गट वेगळ्या जागी पडेल आणि थोडा पसरेलही, कारण नळीच्या आट्यांत (आतल्या पीळदार खाचांत) शिरण्याआधी गोळी जास्त अंतर मोकळी धावते.

आणि "छोटं काडतूस मोठ्यात चालतं" हा नियम सरसकट लावू नका. .२२ मॅग्नमच्या कोठ्यात लाँग रायफल सहज जातं, पण ते वापरायचं नाही. मॅग्नमची पुंगळी सुमारे ६.१ मिलिमीटर जाड, लाँग रायफलची ५.७. सैल बसलेली पुंगळी फुगते, चिरते आणि गरम वायू मागे येतो. काही रिव्हॉल्व्हरसोबत म्हणूनच दोन वेगळी सिलिंडर मिळतात. उलट .३२७ फेडरल मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३२ एच अँड आर मॅग्नम, .३२ एस अँड डब्ल्यू लाँग आणि जुनं .३२ एस अँड डब्ल्यू ही तिन्ही चालतात, कारण ते एकच घराणं, फक्त लांबी आणि दाब वाढत गेलेला. कडं मात्र तिथेही धरतं.

जुनं, फक्त शॉर्टसाठी बनलेलं रिव्हॉल्व्हर हाती आलं तर त्यात लाँग रायफल भरून पाहू नका, आत गेलं तरीही. नळीवर कोरलेलं नाव वाचा आणि तेच भरा.