पोल हलला की पोटात गोळा

प्रश्न: मी अमेरिकेत मतदार आहे, उठल्याउठल्या आधी निवडणुकीचे पोल (जनमत चाचण्या) बघते. काल आमचा उमेदवार २ टक्के पुढे, आज १ टक्का मागे, नवरा म्हणतो मग मत द्यायला जायचंच कशाला! खरंच इतकं बदलतं का हो?

उत्तर: अहो ताई, एका रात्रीत एवढी माणसं नाही फिरत. हजारेक लोकांच्या पोलमध्ये ३ टक्के इकडेतिकडे धरूनच चालायचं. शिवाय आपला माणूस घसरला की समर्थक वैतागून फोनच घेत नाहीत, मग तो अजूनच घसरलेला दिसतो (आपणही तेच करू म्हणा). आणि अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांच्या निकालावर, म्हणून २०१६ला हिलरी क्लिंटनना देशभरात २ टक्के जास्त मतं असूनही मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून जेमतेम ७८ हजार मतांनी अध्यक्षपद गेलं, नवऱ्याला तेवढा आकडा ऐकवा.